ठरणे, उलटणे, पालटणे : पाण्याची ऊब आणि मत्स्यशेतीतील माशांची वाढ व लिंग

‘तापमानामुळे माशाचे लिंग बदलते’ हे वाक्य मत्स्यशेतीविषयीच्या मराठी लेखनात आता सरावाचे झाले आहे. वाक्य सोपे आहे, ध्यानात राहणारे आहे, आणि ते अगदीच खोटे आहे असेही नाही. परंतु त्यातील ‘बदलते’ हे क्रियापद जरा तपासून पाहिले, तर त्याच्या पोटात तीन भिन्न घटना कोंबल्या गेल्या आहेत असे आढळून येते. त्या वेगळ्या न केल्याने होणारे नुकसान कोशकाराचे तर आहेच; पण त्याहून अधिक ते तळ्याच्या मालकाचे आहे. मावळात शेततळे खोदून त्यात मत्स्यबीज सोडणाऱ्या शेतकऱ्याने हे वाक्य वाचून काय समजावे? चैत्र-वैशाखात तापलेल्या आपल्या तळ्यातील मासे नर होऊन बसतील अशी धास्ती घ्यावी, की ह्या गोष्टीचा आपल्या तळ्याशी काही संबंध नाही असे म्हणून स्वस्थ राहावे? उत्तर जीवशास्त्राकडे आहे. पण प्रश्न नीट विचारण्याचे काम भाषेचे आहे, आणि तेवढ्यापुरता भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयात हात घालणे अप्रस्तुत ठरू नये.

उदाहरणादाखल मावळ घेणे अनेक कारणांनी सोयीचे आहे. लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, ऐन घाटमाथ्यावर वसलेले आहे. पश्चिमेस घाट उतरताच खोपोलीची उष्ण-दमट हवा लागते. पूर्वेस वडगाव-तळेगावाकडे सरकावे तसा पाऊस झपाट्याने ओसरतो. लोणावळ्याजवळचा वळवणचा तलाव टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी बांधला गेला. त्या योजनेचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. वीज करण्यासाठी अडविलेल्या ह्या पाण्याच्या काठी १९७०नंतरच्या काळात टाटा विद्युत कंपन्यांनी महसीर माशाचे बीजकेंद्र उभे केले. मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांनी महसीराची वीण, त्याची अंडी व पिलांची प्रारंभीची वाढ ह्यांचा अभ्यास येथेच केला, आणि तो मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे कृत्रिम रीतीने मासा वाढविण्याची, आणि त्यासाठी पाण्याची ऊब हाती धरून पाहण्याची परंपरा लोणावळ्यास पन्नास वर्षांहून अधिक जुनी आहे.

ह्या महसीराचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. १८३९ साली कर्नल साइक्स ह्यांनी पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून ते दिले. खुद्री, कोलस, मसुल्ला, फुलंगी, सिंघाला ही साइक्स ह्यांनी लावलेली जातिनामे म्हणजे दख्खनच्या मासेमाराच्या तोंडच्या नावांनी लॅटिन व्याकरणाचा अंगरखा घातलेली रूपे होत. त्यांतला शिंगाळा तर आजही बाजारात त्याच नावाने ओळखता येतो. नावे इतक्या आस्थेने टिपली गेली, तरी त्यांतले एकही नाव नर वेगळा आणि मादी वेगळी असे सांगत नाही. मराठीत बैल-गाय, रेडा-म्हैस, कोंबडा-कोंबडी अशा जोड्या आहेत. माशास मात्र अशी जोडी मिळालेली नाही. ‘मासा’ पुल्लिंगी आणि ‘मासळी’ स्त्रीलिंगी, पण दोन्ही शब्द दोघांसही चालतात. ‘मरळ’ व्याकरणाने स्त्री आहे, ‘शिंगाळा’ पुरुष आहे. त्यांच्या पोटात अंडाशय आहे की वृषण, ह्याची व्याकरणास गंधवार्ता नाही. कारण उघड आहे. गुरांचे लिंग जन्मतःच दिसते. त्यावर त्यांचा उपयोग व मोल ठरते. माशाचे लिंग बाहेरून क्वचितच दिसते. पोट फाडल्यावर गाभोळी निघाली तर ती मादी होती एवढे समजते, आणि तोवर त्या ज्ञानाचा उपयोग स्वयंपाकघराखेरीज कोणास नसतो.

मत्स्यशेतीने मात्र हा हिशेब फिरविला आहे. तिलापिया माशात नर मादीपेक्षा भरभर वाढतो. युरोपातील समुद्री बासात नेमके उलट, मादी वजनाने नराच्या पुढे जाते, विक्रीच्या वयात सुमारे तीस टक्क्यांनी किंवा त्याहूनही अधिक. तेव्हा लिंग हाच वाढीचा एक घटक होऊन बसतो आणि तळ्यात किती नर व किती माद्या आहेत हा प्रश्न थेट उत्पन्नाचा होतो. पाण्याच्या तापमानाचा विचार करताना वाढ आणि लिंग ही दोन प्रकरणे एकत्र घ्यावी लागतात ती ह्यासाठी. परंतु दोन्हींवर तापमान ज्या रीतीने काम करते त्या रीती अगदी निराळ्या आहेत. वाढीवर ते रोज, जन्मभर काम करते. लिंगावर काही जातींत, आयुष्याच्या आरंभी, काही दिवसच.

प्रथम वाढ. मासा, ट्यूनासारखे मोजके अपवाद वगळता, आपली ऊब स्वतः राखीत नाही. पाण्याची जी ऊब तीच त्याची. पाणी दहा अंशांनी तापले की त्याच्या शरीरातील रासायनिक व्यापारांचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. एवढ्यावरून ‘पाणी जितके उबदार तितकी वाढ अधिक’ असा नियम काढण्याचा मोह होतो, आणि तो चुकीचा आहे. वाढ म्हणजे वेग नव्हे. वाढ म्हणजे जमा-खर्चातील शिल्लक. तापमानाबरोबर भूक व पचन वाढते तसा श्वसनाचा, हालचालीचा, शरीर नुसते चालू ठेवण्याचा खर्चही वाढतो. एका मर्यादेपर्यंत जमा खर्चाच्या पुढे धावते; त्यापुढे भूक मंदावते, खर्च मात्र वाढतच राहतो. म्हणून वाढीची रेषा हळूहळू चढते, माथ्यावर पोचते, आणि पलीकडे एकदम कोसळते. रोहू, कटला, मृगळ ह्यांचा माथा साधारण २५ ते ३२ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात आहे. पाणी २० अंशांच्या खाली जाऊ लागले की त्यांची भूक कमी होते. ज्या माशाला मावळाच्या थंडीत खाद्य घातले आणि त्याने ते तोंडी लावले नाही, तो आजारी नसतो. पाणीच त्यास जेवू देत नाही.

ह्या संबंधातली एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकली जाते, ती मला फार महत्त्वाची वाटते. कॅनडातील ब्रेट व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६९ साली सॉकआय सॅमन माशाच्या पिलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पिलांना पोटभर खाद्य मिळे तेव्हा त्यांची उत्तम वाढ १५ अंशांवर झाली. तेच खाद्य शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यावर आणले तेव्हा उत्तम वाढीचे तापमान उतरून ५ अंशांच्या आसपास आले. म्हणजे ‘ह्या माशास अमुक तापमान उत्तम’ हे विधान खाद्याचा उल्लेख केल्याशिवाय अपुरे आहे. सॅमन आपल्याकडचा मासा नव्हे, आणि त्याचे आकडे रोहू-कटल्यास लावता येणार नाहीत; पण हिशेबाची पद्धत तीच राहते. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड हात आखडून घालावयाची आणि तळे मात्र उन्हात भरपूर तापू द्यावयाचे, असे केल्यास वाढ तर दूरच, मासा झिजतो. घरात धान्य कमी आणि खाणारी तोंडे दुप्पट, अशी ती स्थिती आहे.

दुसरी अडचण प्राणवायूची. समुद्रसपाटीस २० अंशांच्या शुद्ध पाण्यात दर लिटरास सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ७.६. लोणावळ्याच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी, म्हणून हेच आकडे तेथे ८.४ आणि ७.० च्या घरात येतात. दहा अंशांच्या चढाने माशाची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते आणि पाण्याची तो धरून ठेवण्याची शक्ती एक-षष्ठांशाने घटते. दिवसा शेवाळ प्रकाशात प्राणवायू सोडते म्हणून ही ओढाताण जाणवत नाही. रात्री शेवाळही श्वसनच करते, आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागतात.

शिवाय तळ्याचे तापमान एकच नसते. पाणी जितके उबदार, तितका एका अंशाच्या फरकाने त्याच्या घनतेत पडणारा फरक मोठा. २९ व ३० अंशांच्या पाण्यांतील घनतेचे अंतर ४ व ५ अंशांच्या पाण्यांतील अंतराच्या तीस-चाळीस पट असते. त्यामुळे आपल्याकडच्या तळ्यात दुपारी वरचा थर थोडासाच अधिक तापला, तरी तो खालच्या थरावर तेलासारखा तरंगत राहतो. काठाशी उभे राहून वरच्या वीतभर पाण्यात बुडविलेला तापमापक माशाचे तापमान सांगत नाही. मासा बहुधा त्या थराच्या खाली, आपणांस मानवेल तेथे गेलेला असतो. ‘पाणी मानवणे’ हा आपला वाक्प्रचार येथे शब्दशः खरा आहे. बीज आणल्यावर पिशवी तशीच काही वेळ तळ्यात तरंगत ठेवून मग तोंड सोडावयाचे, ही रीत आत-बाहेरच्या तापमानांचे अंतर मिटविण्यासाठीच पडली आहे.

वाढ आणि लिंग ह्यांच्या मधली पायरी विणीची. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडून ओढे-नाले वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. ‘चढणीचे मासे’ हा शब्द मावळात कोणास समजावून सांगावा लागत नाही. वैशाखाच्या उन्हाने अंडी पिकविलेली असतात, आणि पावसाने पाणी निवणे, गढूळ होणे, वाहू लागणे ह्या खुणा त्यांस सोडवून घेतात. रोहू-कटला स्थिर तळ्यात विणत नाहीत ते ह्या खुणा तेथे नसल्यामुळे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी ह्यांनी ओरिसात पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून ही अडचण ओलांडली, आणि भारतातील बीजकेंद्रांचा सारा व्यवसाय त्यातून उभा राहिला. महसीराची वीण लोणावळ्यास पावसाळ्यातच होते. रोहूची अंडी २८ अंशांच्या आसपास चौदा ते अठरा तासांत फुटतात. महसीराची जड, पिवळसर, तळाशी बसणारी अंडी पाण्याच्या ऊबेप्रमाणे सुमारे तीन दिवस घेतात. ह्या काळात बीजकेंद्राच्या नळातून जे पाणी वाहते त्याचे तापमान म्हणजे त्या पिलाचे सारे जग.

आता लिंग. माशाच्या पिलात जननग्रंथी प्रथम निर्गुण असते, म्हणजे अंडाशय वा वृषण यांपैकी काहीही होऊ शकेल अशी. पुढे ती एका बाजूस कलते. हा कल कशाने ठरतो? बहुतेक जातींत मुख्यतः गुणसूत्रांनी. सायप्रिनस माशात आपल्यासारखीच व्यवस्था आहे : मादीत दोन एक्स, नरात एक एक्स व एक वाय. परंतु १९८१ साली अमेरिकेतील कॉनोव्हर व काइनार्ड ह्यांनी अटलांटिक किनाऱ्यावरील सिल्व्हरसाइड ह्या लहानशा माशात दाखवून दिले की, पिले थंड पाण्यात वाढविली तर माद्या अधिक होतात, उबदार पाण्यात वाढविली तर नर. ह्यामागील अर्थ मोठा मनोज्ञ आहे. वसंताच्या आरंभी, थंड पाण्यात जन्मलेल्या पिलास वाढीसाठी दीर्घ ऋतू लाभतो; ते मोठे होते. मोठ्या मादीस अधिक अंडी होतात, मोठेपणाचा तितका लाभ नरास नसतो. म्हणून दीर्घ ऋतूच्या पिलांनी मादी व्हावे आणि उशिरा, उबदार पाण्यात जन्मलेल्यांनी नर, हे वंशाच्या हिताचे. तापमान येथे पंचांगाचे काम करते. ह्याच जातीच्या अधिक उत्तरेकडच्या, आखूड ऋतूच्या पाण्यात हा गुण नाही. तेथे लिंग गुणसूत्रांवरच ठरते. अशा माशाविषयी ‘तापमानाने लिंग ठरते’ असे म्हणावे. येथे बदलण्यासारखे आधी काही नव्हतेच. ह्यास ‘लिंगनिश्चिती’ हा शब्द योग्य आहे.

दुसरी घटना तिलापियाची. उजनीच्या जलाशयाकाठी ह्याला चिलापी म्हणतात. नाइल तिलापियात एक्स-वाय व्यवस्था आहे, तेव्हा फलनाच्या क्षणी कौल दिलेला असतो. परंतु अंडे फलित झाल्यापासून सुमारे दहाव्या दिवशी, म्हणजे पिले आईच्या तोंडातून बाहेर पडून पोहू लागतात त्या सुमारास, त्यांना दहा दिवस किंवा अधिक काळ ३४ ते ३६ अंशांच्या पाण्यात ठेवले, तर दोन एक्स असलेली पुष्कळशी पिलेही नर होतात. फ्रान्समधील संशोधकांनी १९९०नंतरच्या दशकात हे सिद्ध केले. सर्वच कुळींत असे होत नाही. काहींवर उष्णतेचा परिणाम मोठा होतो, काही कुळी जवळजवळ अचल राहतात. ह्या घटनेस ‘ठरणे’ म्हणता येणार नाही, कारण ठरलेले होते; ‘बदलणे’ही म्हणता येणार नाही, कारण ते पिलू एक दिवसही मादी म्हणून जगलेले नसते. निकाल अंमलात येण्यापूर्वीच तो उलटला. म्हणून येथे क्रियापद ‘उलटणे’ घ्यावे, आणि संज्ञा ‘लिंगविपर्यय’.

हा उलटा निकाल लागतो कसा, हे बरेचसे उलगडले आहे. ॲरोमॅटेज नावाचे एक विकर नरसंप्रेरकाचे स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करते, आणि माशात अंडाशय घडण्यास व टिकण्यास हे स्त्रीसंप्रेरक अवश्य लागते. उष्णतेने ॲरोमॅटेजचे जनुक दबले की स्त्रीसंप्रेरक घटते आणि ग्रंथी वृषणाकडे कलते. बार्सिलोना येथील संशोधकांनी २०११ साली समुद्री बासात दाखविले की, पिलू असताना लागलेल्या उष्णतेने ह्या जनुकाच्या आरंभभागावर मेथिल खुणा वाढतात आणि त्यामुळे जनुकाचे वाचन मंदावते. जनुकाची अक्षरे तीच राहतात, त्यांवर न वाचण्याच्या खुणा पडतात. पोथीत हरताळ फासावी तसा हा प्रकार आहे. (हरताळेखालचे अक्षर पुसले जात नाही, हे जुन्या हस्तलिखितांच्या वाचकांस सांगावयास नको.) दक्षिण अमेरिकेतील पेहेरेय माशात हा परिणाम टोकाचा आहे : पिले १७ अंशांवर वाढविली तर सर्व माद्या, २९ अंशांवर वाढविली तर सर्व नर. त्यात कॉर्टिसॉल ह्या ताणाच्या संप्रेरकाचा हात असल्याचे आढळले आहे. झेब्रा माशाची पिले दाटीत वाढविली तरी नर अधिक होतात. म्हणजे पाण्याची उष्णता पिलाच्या शरीरास निदान काही अंशी संकट म्हणून कळते, आणि संकटाचे उत्तर वृषणाच्या बाजूस जाते.

ह्या सर्व निष्कर्षांस २००८ साली ओस्पिना-आल्वारेझ व पिफेरेर ह्यांनी एक आवश्यक लगाम घातला. ज्या जातींत तापमानाने लिंग ठरते असे म्हटले जात होते, त्यांतील अनेकींचे प्रयोग त्या माशास निसर्गात कधी भेटत नाहीत अशा तापमानांवर केलेले होते. तेवढे वगळले की खऱ्या तापमानाधीन जाती पुष्कळ कमी उरतात. पण उरतात त्यांत चढत्या तापमानाचा परिणाम एकाच दिशेने, नरांकडे होतो. आणि एक-दोन अंशांच्या फरकानेही नर-मादी प्रमाण बरोबरीवरून तिनास एकपर्यंत सरकू शकते. तापणाऱ्या जगात हा दुसरा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. लिंगविपर्ययाचा परिणाम तर पुढच्या पिढीत उतरतो. दोन एक्स असलेला नर बाहेरून पुरा नर असतो, पण त्याच्यापाशी देण्यास वाय नसते. त्याची सर्व अपत्ये दोन एक्सची. पाणी निवळते राहिले तर त्या साऱ्या माद्या. पाणी पुन्हा तापले तर त्यांतल्या काही पुन्हा नर. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले तर वाय गुणसूत्र त्या कळपातून नाहीसे होऊन लिंग ठरविण्याचे काम सर्वस्वी पाण्याच्या हाती जाणे अशक्य नाही.

तिसरी घटना घाटाखालची आहे. रायगड जिल्ह्यात, विशेषतः पेण-अलिबागकडे, जिताडा मोठ्या आवडीने पाळतात व त्याहून आवडीने खातात. जिताडा आयुष्याच्या आरंभी नर असतो. नर म्हणून वीण करतो. आणि काही वर्षांनी, अंगाने भरपूर वाढल्यावर मादी होतो. येथे पूर्वीची अवस्था खरोखर जगून झालेली असते. ह्या एकाच घटनेस ‘बदलणे’ किंवा अधिक नेमके ‘पालटणे’ शोभते, आणि संज्ञा ‘लिंगांतर’. हा पालट मुख्यतः वय व आकार ह्यांना बांधलेला आहे.

येथेच नावाने घातलेला एक मोठा घोळ ध्यानात आणून द्यावयास हवा. इंग्रजीत जिताड्यास ‘एशियन सी बास’ म्हणतात, आणि युरोपात पिंजऱ्यांतून वाढविल्या जाणाऱ्या एका निराळ्याच माशास ‘युरोपियन सी बास’. दोघांचे कूळ वेगळे, प्रजाती वेगळी, देश वेगळा, लिंगाची व्यवस्था तर अगदीच वेगळी. युरोपातील बासात अनेक जनुके आणि तापमान मिळून लिंग ठरवितात. सुरुवातीचे सुमारे दोन महिने पाणी १७ अंशांच्या आसपास ठेवल्यास माद्या अधिक मिळतात, आणि वाढ लवकर व्हावी म्हणून पहिल्यापासूनच पाणी तापविले तर बहुतेक सारे नर, म्हणजेच हळू वाढणारे मासे, पदरी पडतात. घाईने वाढविण्याचा खटाटोप स्वतःच्याच मुळावर येण्याचे ह्याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. पण कोणी अनुवादकाने ‘सी बासास आरंभी थंड पाण्यात ठेवावे’ हे वाक्य उचलून ‘जिताड्यास थंड पाण्यात ठेवावे’ असे मराठीत आणले, तर तो सल्ला उष्ण कटिबंधातील, खाडीच्या कोमट पाण्यातील माशास घातक होईल. व्याकरणाची एकही चूक न करता केलेले हे भाषांतर मासे मारू शकते.

तर मावळातील शेतकऱ्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. त्याच्या हाती मासा येतो तो कोणत्या वयाचा? ह्याचे उत्तर आपल्या मत्स्यव्यवसायाच्या परिभाषेत फार सुरेख नोंदलेले आहे. अंड्यातून निघून तीन-चार दिवस झालेली पिले ती ‘मत्स्यजिरे’, कारण ती खरोखर जिऱ्याएवढी असतात. इंचभर होत आलेले ते ‘मत्स्यबीज’. आणि बोटाच्या मापाची झाली की ‘बोटुकली’. परिभाषा मंडळांनी संस्कृत धातूंपासून घडविलेल्या अनेक शब्दांपेक्षा हे तीन शब्द मला सरस वाटतात. त्यांत मापही आहे आणि वयही. लिंगावर तापमानाचा अंमल चालतो ती खिडकी तिलापियात जिरे आणि बीज ह्यांच्या दरम्यान उघडते व मिटते. बोटुकली तळ्यात पडते तेव्हा तिचा निकाल लागून चुकलेला असतो. वैशाखातले तळे तिची वाढ रोखील, तिला प्राणवायूसाठी तळमळावयास लावील, प्रसंगी मारीलही. तिचे लिंग फिरविणार नाही. शिवाय तीन मीटर खोलीचे शेततळे मावळाच्या हवेत सलग दहा दिवस तळापर्यंत ३६ अंशांवर राहणे संभवतही नाही.

ह्यास एकच अपवाद संभवतो. नर-मादी मिश्र तिलापिया तळ्यात असेल तर तो तेथेच विणतो, आणि त्याची पिले काठाच्या उथळ, सर्वांत तापलेल्या पाण्यात घोळक्याने फिरतात. ह्या दुसऱ्या पिढीस मात्र तळ्याचे पाणी हेच बीजकेंद्राचे पाणी. अर्थात अशा तळ्यात लिंगाच्या प्रमाणाआधी गर्दीचीच चिंता करावी लागते. पिलांच्या झुंडींनी खाद्य वाटले जाऊन सर्वांचीच वाढ खुंटते. म्हणूनच आपल्याकडे तिलापिया पाळण्यास परवानगी मिळते ती केवळ नर असलेल्या किंवा वंध्य बीजास. असे बीज करण्याची रूढ पद्धत पिलांच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांच्या खाद्यात नरसंप्रेरक मिसळण्याची आहे. उष्ण पाण्याने तेच काम संप्रेरकाविना साधावे असा प्रयत्न अनेक ठिकाणी झाला. परंतु प्रत्येक कुळीचा प्रतिसाद निराळा, आणि त्या उष्णतेत काही पिले मरतात, काही व्यंग घेऊन वाढतात. ज्यास थर्मामीटर बाळगावयाचा आहे, त्याने तो दोन ठिकाणी बाळगावा : तळ्यात, वाढीच्या हिशेबासाठी, पृष्ठभागाखाली हातभर खोल, आणि लिंगाचा प्रश्न असेल तर बीज घेताना, बीजकेंद्रवाल्यास विचारावयाच्या प्रश्नाच्या रूपाने.

बीजकेंद्रात जे घडते ते किती दूर पोचते ह्याचा दाखला लोणावळ्यानेच दिला आहे, जरी तो तापमानाचा नाही. येथे वाढविलेली खुद्री महसीराची बोटुकली देशातील अनेक राज्यांत पाठविली गेली. कावेरीत ती इतकी रुजली की, तेथील मूळचा वशिंडाचा महसीर तिच्यापुढे मागे हटला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही उलथापालथ आकड्यांनिशी मांडली गेली, आणि २०१८ साली तो मूळचा मासा अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. लोणावळ्यास हेतू संरक्षणाचाच होता.

बीजाच्या पावतीवर आज जात, नग आणि आकार लिहिला जातो. त्याखाली आणखी एक ओळ असावी : जिरे ते बीज ह्या अवस्थेत पाण्याचे किमान व कमाल तापमान किती होते. महसीर, रोहू, कटला ह्यांच्यासाठी ती ओळ वाढीचा व जोमाचा अंदाज देईल. तिलापियासाठी ती त्याहून पुष्कळ अधिक सांगेल. आणि ती ओळ वाचणाऱ्यास समजावयाची, तर त्याच्या हातातील मराठी पुस्तिकेत ‘ठरते’, ‘उलटते’ आणि ‘पालटते’ ही तीन क्रियापदे आपापल्या जागी असावयास हवीत.